लुकाच्या आईने दिलेला वेगळा कप

नागपूरच्या विमानतळावर आईने माझ्या हातात डबा दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, "वाटेत कोणाच्या हातचं काही खाऊ नको बापा." माझ्या कडेवर माझी दोन वर्षांची सुजाता होती आणि दारावरचा जवान तिकीट मागत होता. आईला भीती विषबाधेची नव्हती. लहानपणी मैत्रिणीच्या घरी तिला चहा मिळायचा तो कान तुटलेल्या, वेगळ्या कपात. तो तिनेच विसळून बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचा. तेव्हापासून कुणी काही देण्याआधीच ती पोट भरलंय म्हणून मोकळी व्हायची.

त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा विमानाने आलो ते या बेटावर. इथे चोआ चू कांग नावाच्या वस्तीत आमचा फ्लॅट आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, मी कुणाच्याही हातचं बिनधास्त खाते. तिथे मला कोणी ओळखत नाही. घरी जेवायला बोलावलं की मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळतो. मराठी माणसाने बोलावलं तर जास्तच. पहिल्या दहा मिनिटांत "आडनाव काय म्हणालात?" येतं, आणि त्यानंतरचं हसू मी निरखून बघते. चांगली माणसं पुष्कळ भेटली, नाही असं नाही. पण मी आईचीच मुलगी.

आता सुजाताला लग्न करायचंय ते लुकाशी. तो तिच्याच लॅबमधला, मॉन्टेनेग्रोचा. त्याची आई तिकडून आली आणि तिने आम्हाला मरीन परेड भागातल्या त्याच्या काँडो फ्लॅटवर जेवायला बोलावलं. नवऱ्याने ऐन वेळी जकार्ताचा दौरा काढला, मुद्दामच काढला असणार. मी नेटवर वाचलं की त्यांच्याकडे आल्यागेल्याला दारातच द्राक्षांची दारू देतात आणि ती नाकारली की अपमान समजतात. आम्ही पंचशील पाळणारे. म्हणजे उंबरठ्यावरच भांडण.

"आई, रिलॅक्स ला," सुजाता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, इथल्या पोरांसारखं 'ला' जोडत म्हणाली. "पण तू काही खाल्लं नाहीस ना, तर त्यांना वाटेल तुला लुका नकोय. अँड नो डबा, ओके?"

पोळी-भाजीचा डबा पर्समध्ये होताच.

दारात काळ्या कपड्यांतली उंच बाई ट्रे घेऊन उभी होती. मैद्याचे तळलेले फुगीर गोळे, वाटीत मध, तीन छोटे काचेचे ग्लास आणि एक जाड निळा कप. तिने तो कप माझ्यापुढे केला. माझे कान तापले. वेगळा कप! मॉन्टेनेग्रोच्या बाईला आमची जात कुठून कळणार, हे डोक्याला समजत होतं. पण हात पुढे होईना. मी म्हटलं, "मी जेवून आलेय." सुजाताचा चेहरा पडला.

लुका गडबडीने इंग्रजीत सांगू लागला, "आंटी, हा डाळिंबाचा रस आहे. आईने घरी काढून बाटली भरून आणलीय. तुम्ही दारू घेत नाही, हे सुजाताने सांगितलं होतं. दारूच्या ग्लासांना वास राहतो असं आई म्हणाली, म्हणून तिने बाबांचा कप तिकडून स्वेटरात गुंडाळून आणला. बाबा यात दूध प्यायचे. ते गेल्यावर तिने तो कुणालाच दिला नव्हता."

मला स्वतःची लाज वाटली. आंबटगोड रस मी तिथेच उभ्याने संपवला. मग मधात बुडवून ते गोळे खाल्ले, आणि मक्याचं पीठ व बटाटे चीजमध्ये घोटून केलेला काचामाकही खाल्ला. त्याला चमच्याबरोबर तार सुटत होती. धुरावलेलं हॅम मी नको म्हटलं, तर कोणी आग्रह केला नाही. पण जेवण संपत आलं तरी बाईने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि माझ्या डोक्यातला किडा पुन्हा वळवळला. मी लुकाला हळूच विचारलं, तर तो हसला. "आमच्या डोंगरात वाटसरूला आधी जेवू घालतात. तो कोण, कुठला, ते नंतर."

तेवढ्यात त्याची आई हात पुसून समोर बसली आणि लुकामार्फत तिने माझं पूर्ण नाव विचारलं.

मी सांगितलं. आडनावाशी आवाज नेहमी आपोआप बारीक होतो, तो या वेळी होऊ दिला नाही. तिने ते दोनदा चुकत म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं. पूर्ण नाव ऐकूनही वाढणारा जिथे हात आखडता घेत नाही, त्या जागेला मी आता घर म्हणते. ते नागपुरात असो, नाहीतर या बेटावर. पण त्या दुपारी एवढं काही सुचलं नाही. मी नुसती तिच्या हाताकडे बघत होते. तिने माझ्या ताटात आणखी दोन गोळे घातले.