आपल्याच दारातली पायरी

आमच्या सोसायटीसमोर नवा फुटपाथ होत होता, तेव्हा आई रोज बाल्कनीतून ते काम बघायची. ती चाकणजवळच्या गावातली. वडील गेल्यावर पिंपळे सौदागरला आमच्याकडे राहायला आली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी घेऊन चालते. सपाट जमीन असली की तिला कुणी लागत नाही. पायरी आली की लागतं.

जुना फुटपाथ प्रत्येक सोसायटीच्या गेटशी तुटायचा आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. सारखं चढा, उतरा. म्हणून सगळे रस्त्याच्या कडेनेच चालायचे, गाड्यांना अंग चोरून. नवा फुटपाथ गेटसमोरूनही त्याच उंचीवर सलग गेला. चढायचं-उतरायचं ते गाडीने, माणसाने नाही. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे, दिवसभर मापंच घेतो. पण एवढी साधी गोष्ट कधी माझ्याही डोक्यात आली नव्हती.

काम संपलं आणि आई एकटी खाली उतरून कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून मेथीची जुडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मेथी घरात असूनही गेली. तिथल्या बाकावर तिच्या वयाच्या बायका जमायच्या. कुणाचा मुलगा ताथवड्याला घर घेतोय, कुणाची सून बोलत नाही, सगळं आई जेवताना आम्हाला सांगायची. आईकडे सांगण्यासारखं काही असणं, हे आमच्या घरात फार दिवसांनी घडत होतं.

मग सोसायटीची मीटिंग झाली. गेटसमोरच्या चढावर काही गाड्यांचं पोट घासत होतं. चेअरमन म्हणाले, "कंत्राटदाराचा माणूस अजून इथंच आहे. आपल्या गेटपुरता फुटपाथ कापून घेऊ."

मी उभा राहिलो. "मी माप घेतलंय. चढ थोडा लांबवला तर पोट घासणार नाही. फुटपाथ कापला तर दोन्ही बाजूंना नऊ इंचांची पायरी होईल."

"नऊ इंच!" मागून कुणीतरी हसलं. "राव, टेप घेऊनच जन्माला आलात का?"

"आणि चालतंय कोण?" चेअरमन म्हणाले. "घरटी गाडी आहे, भाऊ. काकूंना गाडीतून सोडा की."

"कोपऱ्यावर जायला गाडी काढू?"

"मग भाजी मोबाईलवरून मागवा. दारात येते."

हात वर झाले. ऑपरेशनच्या दिवशी आईला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा शेजारीही त्यात होता. त्याच गाडीचं पोट घासत होतं. त्याला काय बोलणार?

फुटपाथ कापला गेला. तेव्हापासून संध्याकाळी मी आईबरोबर उतरतो. गेटबाहेर आलं की तिचा दंड धरून तिला वर चढवतो. वर आली की ती हात झटकते. "सोड आता. पुढं सगळं सरळ हाय." मग इतर सोसायट्यांची गेटं ती एकटी ओलांडते आणि मी मागून चालतो. परत येताना आमच्या गेटपाशी थांबून माझी वाट बघते.

परवा तिथं थांबलेली असताना तिने विचारलं, "दुसऱ्यांच्या दारात कुनी धरावं लागत न्हाई. आपल्याच दारात का रं?"

मीटिंगचं मी तिला सांगितलेलं नाही. दुरुस्तीला कापलाय, काम अर्धवट राहिलंय, एवढंच म्हणालो.

सोमवारपासून माझी दुसरी पाळी. दुपारीच चाकणला निघावं लागेल, आणि बायको ऑफिसातून येईपर्यंत भाजीवाली उठलेली असते. काल आईला म्हटलं, "वॉचमनला सांगून ठेवतो. तो हात देईल."

"नगं," ती म्हणाली. "रोज रोज परक्या मानसाला हात मागायचा व्हय?"

ती आत गेली. काठी दारामागे टेकवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने माझ्या बायकोला हाक मारली.

"त्या मोबाईलवर मेथी चांगली मिळती का गं?"