भांडायला कागद लागतो

आमच्या घरात ईमेल सगळ्यांत आधी मी शिकले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पेन्शनची कामं, विजेचं बिल, सगळं मीच बघते. त्यामुळं "तुला जमत नाही म्हणून तू पत्रं लिहितेस," असं मुलगा म्हणाला की माझं डोकं फिरतं. जमतं. तरी लिहिते.

निपाणीत माझी मैत्रीण राहते. बेळगावात शिकताना आम्ही एका खोलीत होतो. पुढं ती तंबाखूच्या व्यापारातल्या जैन घरात पडली आणि तेव्हापासून आम्ही पत्रांतून भांडत आलो. तिनं नोकरी सोडली तेव्हा मी तिला झोडपलं. मी मुलाला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तिनं चार पानं भरून माझी सालटी काढली. "मराठीच्या मोर्च्यात पुढं, आणि पोराला घातलीस कुठं?"

मग तिच्या मुलानं तिला ईमेल काढून दिला. मजकूर यायला लागला तो असा : आम्ही सर्व मजेत आहोत, तब्येतीची काळजी घ्यावी. दर वेळी तेच. शेवटी मी मुद्दाम डिवचलं. निपाणीपेक्षा बेळगावचं हवापाणी केव्हाही चांगलं, असं लिहिलं. उत्तर आलं : होय, खरं आहे.

मी घाबरले. दुसऱ्या दिवशी निपाणीची बस धरली.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती, ठणठणीत.

"बेळगाव चांगलं म्हटलं तरी होय म्हणालीस?" मी दारातूनच ओरडले.

तिनं स्वयंपाकघराकडं बघून आवाज खाली घेतला. "सून टाईप करती गं. पोरगी लई गुणाची. पण तिच्यासमोर तुला शिव्या कशा देऊ? आणि तिचंच काय सांगायचं झालं, तर तिलाच टाईप कर म्हणू व्हय?"

तेवढ्यात तिचा मुलगा आला. "आई, नुसतं बोललं की आपोआप टाईप होतंय."

"आणि घरभर ऐकू जातंय, त्याचं काय?" ती म्हणाली.

आम्ही दोघी उठलो, पोस्टात गेलो आणि पाकिटं घेतली. तिचा मुलगा समजावत होता, पत्र पोचायला किती दिवस लागतात, कोण वाट बघतं आता. "आम्ही बघतो," मी म्हटलं.

आठवड्यानं तिचं पत्र आलं. बेळगावच्या हवेचे, पाण्याचे आणि माझे असे वाभाडे काढले होते की मी ते उभ्यानंच वाचलं.

गेल्या महिन्यात मात्र निपाणीहून आणखी एक पाकीट आलं. अक्षर अनोळखी. तिच्या सुनेचं. तीन पानं, सगळी सासूबद्दलच्या तक्रारींची; सासूला ती आत्या म्हणते. शेवटी लिहिलं होतं, "मावशी, हे मोबाईलवर लिहिता येत नाही. घरात सगळेच बघतात. आत्यांना कळवू नका."

मी तिलाही उत्तर लिहिलं. आता दोघींना वेगवेगळं लिहिते, आणि एकीचं दुसरीला कळू देत नाही. माझा मुलगा विचारतो, एवढं काय असतं लिहायला? मी पाकिटाला डिंक लावते आणि त्याला चहा टाकायला सांगते.