जाऊबाईंचं तिसरं घर, माझ्या नावावर

काय रडतात आमच्या थोरल्या जाऊबाई! लॉकडाऊनमध्ये लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि यांचं रडगाणं इथल्या, परदेशातल्या लँड टॅक्सचं.

राहत्या घराला तो लागत नाही, बायांनो. भाड्याने दिलेल्या घरांच्या जमिनीची एकूण किंमत ठरलेल्या मर्यादेवर गेली की दरवर्षी भरायचा. मला एकदा तरी भरायला मिळू दे!

आज व्हिडिओ कॉलवर म्हणतात, “क्वेकर्स हिल उपनगरात तिसरं घर घेतोय, ते तुझ्या नावावर करू. तुझं काहीच नाही ना गं, म्हणून टॅक्स बसणार नाही.”

काहीच नाही! भाड्याच्या घरात बसून हे ऐकलं. जळले मी, खोटं कशाला बोलू?

जाऊबाई, तुम्ही हे वाचताय, ठाऊक आहे मला. रविवारपर्यंत इथेच ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगा, घर माझ्या नावावर तर किल्ली कोणाकडे?