कमी आलेलं रीडिंग

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने हसते. माफ करा, पण पिंपळ, अमावास्या, पैंजणांचा आवाज... माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नाही. मी फिजिक्सची बाई. जे मोजता येत नाही ते नसतं, असं लोकांना तोंडावर सांगत आले. पंचाईत अशी झाली, की माझ्या बाबतीत जे घडलं ते मोजमापातच घडलं.

सदाशिव पेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. थायरॉइड कॅन्सरच्या पेशंटना किरणोत्सारी आयोडीन देतात. मग काही दिवस पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात — जवळ कोणी बसायचं नाही. त्याच्या चादरी, टिश्यू, जेवणाच्या थाळ्या हा सगळा कचरा पिशव्यांत बांधून तळघरात, पार्किंगच्या मागे, शिशाच्या पेट्यांमध्ये जातो. तिथे तो नुसता पडून राहतो. आयोडीन साधारण आठवड्याभरात निम्मं होतं, मग त्याचं निम्मं... पुरेसं उतरलं की मी रेडिएशन मोजायचा मीटर लावून बघते, सही करते, आणि पिशवी नेहमीच्या कचऱ्यात जाते. नियामक संस्थेचे लोक कधीही येऊन तपासू शकतात. पण रोजच्या रोज बघणारं कोणी नाही, सही माझी एकटीची.

माझ्याआधी ती सही आमच्या ह्यांची असायची. आम्ही एकाच डिपार्टमेंटला — हे ऑफिसर, मी टेक्नॉलॉजिस्ट. दोन वर्षांपूर्वी हे गेले. रेडिएशनमुळे नाही, हार्ट अटॅक — कॉमेंटमध्ये कोणी विचारायच्या आत सांगून टाकते. मी परीक्षा दिली आणि त्यांच्या खुर्चीत बसले. मूलबाळ नाही. शनिवार पेठेतल्या फ्लॅटवर परत गेलं की बोलायला टीव्ही. सुट्टीच्या दिवशी तर माझा स्वतःचा आवाज मला फक्त दूधवाल्याशी बोलताना ऐकू येतो. सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

तर एका दुपारी मी तळघरात गेले. सोबत लता होती, आमची सफाई कर्मचारी, यवतमाळकडची. पिशव्या तीच उचलते, आणि शंभरदा ओरडूनही कमरेवर लेकरू घेतल्यासारखी उचलते. त्या दिवशी पेट्या गच्च भरल्या होत्या. वरून अ‍ॅडमिनचा फोनवर फोन — नवे पेशंट थांबलेत, जागा करा. एक पिशवी जवळजवळ सोडण्याजोगी झाली होती, पण माझ्या हिशेबाने तिचे अजून काही दिवस बाकी होते. म्हटलं, बघू तर. हातभर अंतरावरून मीटर धरला.

रीडिंग एकदम कमी. सही करायला हरकत नाही इतकं.

"मॅडम, मीटर ओके म्हणतोय ना?" फोनवर अ‍ॅडमिनचे साहेब. "मग तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या?"

मी फोन ठेवला. आयोडीन कोणाच्या घाईने लवकर उतरत नाही. वर जाऊन दुसरा मीटर आणला, नुकताच कॅलिब्रेशन होऊन आलेला. तेवढंच रीडिंग. मग मी लताला माझ्याच जागी उभं केलं आणि मीटर तिच्या हातात दिला.

"म्याडम, माह्या हातात तर लय वाजून राहिला हा," लता म्हणाली.

खरंच खडखडत होता. मी परत घेतला — मंद. एक पाऊल डावीकडे सरकले. मीटर एकदम वाढला, आणि लगेच पुन्हा मंदावला. उजवीकडे सरकले, परत तेच. मी सरकले की क्षणभराने आणखी कोणीतरी सरकत होतं. माझ्या आणि पेटीच्या मधे.

ही खोड मला माहीत होती. मी मीटर घेऊन उभी राहिले की हे नेमके मधे येऊन उभे राहायचे. चांगले आडमाप होते. "अगं, माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. किरणांपासून फुकटचा आडोसा मिळतोय तर घे की!" मी वैतागायचे... अशाने रीडिंग कमी येतं, हे ऑफिसरला मी शिकवायचं का?

भीती वाटली का? अजिबात नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ कोणीतरी उभं होतं. वाटलं, काही बोलू नये. हात दुखेपर्यंत मीटर असाच धरून ठेवावा.

पण लता पिशवी घ्यायला वाकली होती. मी होकाराची मान हलवली असती तर तिने पिशवी कमरेवर मारली असती. आणि हे आजच्यापुरतं थोडंच होतं? हे असे रोज मधे उभे राहिले, तर माझ्या एकाही रीडिंगला अर्थ नव्हता, एकाही सहीला नव्हता.

"अहो," मी म्हटलं. "बाजूला व्हा. मला नीट मोजू द्या."

मीटर चढला. हिशेबाप्रमाणे जिथे हवा होता, बरोबर तिथे जाऊन थांबला.

"कोनाले म्हनता, म्याडम?" लता.

"कोणाला नाही. ती पिशवी राहू दे, पेटी लाव."

दोन्ही मीटर मी पुन्हा लॅबला पाठवले. काही दोष नाही असा रिपोर्ट आला. बॅटरी, केबल, तळघरातली ओल — सगळं तपासलं. एका मित्राला विचारलं, तोही फिजिक्सवाला. म्हणाला, "इलेक्ट्रॉनिक्स आहे, होतं कधीकधी." मग लताच्या हातात का नाही झालं? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, नसेल तरी चालेल.

त्यानंतर तळघरात खूपदा गेले. काम संपलं तरी थोडी रेंगाळते. एकदा तर कोणी नाहीसं बघून "या की" असंही म्हणून पाहिलं...

माझी रीडिंग आता अगदी बरोबर येतात. प्रत्येक वेळी.