कडी कोणत्या बाजूला

माणसावर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हा माझा स्वभावच. त्यात काचवाला उल्हासनगर कॅम्प दोनचा. तिथे कशाचीही डुप्लिकेट मिळते अशी ख्याती, त्यामुळे गॅलरीला सरकत्या काचा लावायचं ठरलं तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून होते.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. बदलापूरला खरवईत आम्ही नवीन फ्लॅट घेतला होता. एक हॉल, एक बेडरूम, आणि हॉलला लागून लांबलचक गॅलरी. सासूबाई गेल्यावर माझे सासरे अंबरनाथची खोली सोडून आमच्याकडे आले. आम्ही सगळेच त्यांना बाबा म्हणायचो. कारखान्यातून रिटायर झालेला ताठ माणूस, पण आमच्याकडे हॉलमधल्या दिवाणावर अंग चोरून झोपायचा. कुणी पाहुणा आला की बिचारे उठून बसायचे. मला ते बघवेना. मीच म्हटलं, गॅलरी बाहेरून काचांनी बंद करू, हॉलच्या बाजूलाही सरकती काच बसवू, म्हणजे बाबांना स्वतःची खोली होईल.

बाबांनी तोंडाने हो म्हटलं. पण काचवाला माप घ्यायला आला तेव्हा ते टेपच्या मागे मागे फिरत होते. मला हळूच म्हणाले, खाटेपुरतंच माप घेतलंय ना गं? दोन दिवसांनी जिन्यात शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं, की आता आपली रवानगी गॅलरीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राबायचं मी, आणि वर नाव सुनेचंच खराब!

तो राग मी काचवाल्यावर काढला. काच टिचकी मारून बघितली, चाकं फिरवून बघितली, अ‍ॅल्युमिनियमवरचं कंपनीचं स्टिकर नखाने खरवडलं. ते लगेच निघालं. काचवाला सिंधी, तोंडाने गोड. म्हणाला, भाभी, स्टिकर खराब है, माल नहीं. नवरा म्हणाला, जाऊ दे ना आता. मला वाटलं, हाही त्याला सामील. काम चालू असताना काचवाल्याने विचारलं, लॉक अंदरसे ना? मी म्हटलं, हां, अंदरसेच. बाबांना आतून बंद करता यावं, त्यांच्या खोलीत कुणी धाडकन घुसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काम झालं. काचा लोण्यासारख्या सरकत होत्या. मी बाबांची खाट लावली, नवी चादर घातली, बुद्धाची तसबीर त्यांच्या डोक्याशी टांगली. बाबा आत गेले, तळहाताने काच सरकवून लावली आणि तिच्यावरून हात फिरवायला लागले. वर, खाली, पुन्हा वर. मला वाटलं, काच बघताहेत. मग ते बाहेर आले, चादरीची घडी घातली आणि पुन्हा दिवाणावर जाऊन बसले. जेवले नाहीत.

सकाळी बघते तर पिशवी भरलेली. अंबरनाथला नणंदेकडे निघाले होते. नवऱ्याने हातापाया पडून विचारलं, झालं काय. माझ्या मनात दुसरंच. नणंद सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगणार, वहिनीने बाबांना हाकललं. मी चिडूनच म्हटलं, "बाबा, काय चुकलं ते तोंडावर सांगा. मागून नको."

बाबांनी काचेकडे बोट दाखवलं. "कडी तुमच्या बाजूला आहे. माझ्या बाजूला नुसती गुळगुळीत काच."

मी बघितलं. खरंच, खटका हॉलच्या बाजूला. गॅलरीच्या बाजूने बोट अडकवायलासुद्धा काही नाही.

"गावात आम्हांला बाहेर बसवायचे," बाबा म्हणाले. "पण बाहेरून कडी कुणी घातली नव्हती."

बाबा पिशवी उचलायला वाकले, तर मी ती हातातून ओढून घेतली. म्हटलं, मी येईपर्यंत हलायचं नाही. आणि तशीच कॅम्प दोनला गेले.

दुकानात पोचेपर्यंत माझी खात्री झाली होती, की नवऱ्यानेच चोरून सांगितलं असणार. काचवाल्याला मी आल्या आल्या विचारलं, कडी तिकडे लावायला कुणी सांगितलं? तो चक्रावला. म्हणाला, आपनेही बोला, अंदरसे. अंदर मतलब घर के अंदर. गॅलरीत चोर उतरला तर घर बंद राहायला नको? त्याची सगळी गिऱ्हाइकं गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवायची, नाहीतर कुंड्या. तिकडे माणूस झोपणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अंदर मतलब जिधर बाबा हैं," मी म्हटलं.

तो हत्यारांची पिशवी उचलून माझ्यासोबत निघाला. घरी येऊन त्याने काच उतरवली, फिरवली, खटका गॅलरीच्या बाजूला आणला. मी शेजारी उभी राहून एकेक स्क्रू तपासत होते. स्वभाव कुठे जातो.

बाबा पिशवी मांडीवर घेऊन सगळं बघत होते. तो गेल्यावर उठले, गॅलरीत गेले, काच ओढली आणि खटका लावला. मी चहा घेऊन गेले तर काच बंद. नवरा माझ्या मागे उभा. मी काचेवर बोटाने वाजवलं. बाबा खाटेवर बसून आमच्याकडे बघत होते, पण उठेनात. चहावर साय धरली, तरी उठेनात. आमच्याच हॉलमध्ये आम्ही दोघं ताटकळत उभे.

मग ते सावकाश उठले, खटका काढला, काच सरकवली.

"या," म्हणाले. "आत या."