सासूबाई, लांब्या आणि दुसरा भाग

इथे लोक जे अमानवीय अनुभव लिहितात ते मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. खोटं कशाला बोलू... भूत, चकवा, अंगात येणं, यातलं मला काहीच पटत नाही. हॉरर गेम खेळणाऱ्या बाईचं असंच होतं. ऑफिसातून आल्यावर रोज चार-दोन भुतं स्वतःच्या हाताने मारली की खऱ्यांची भीती उरत नाही. तरी आज मीच लिहायला बसले आहे. वाचा आणि खुशाल हसा.

आम्ही सेलूला राहतो, बाजाराच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. घरात मी, नवरा निलेश आणि माझ्या सासूबाई. मी सरकारी ऑफिसात क्लार्क. गेमचं वेड माझं. निलेश पडद्यावर रक्त दिसलं की उठून स्वयंपाकघरात जातो आणि कुकर लावतो... माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. खेळात माझ्या पार्टनर सासूबाई.

अशाच एका गेमचा पहिला भाग आम्ही दोघींनी मिळून संपवला. डोंगरावरचा बंद पडलेला दवाखाना, हातात एक टॉर्च, त्याची बॅटरी सदा संपत आलेली, बंदुकीत गोळ्या मोजक्या. आणि अंधारात लांब हातांचं एक ध्यान फिरायचं. त्याचं बारसं सासूबाईंनीच केलं — लांब्या. मी टॉर्च लावून पळत सुटायचे आणि मरायचे. एकदा मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "काऊन उजेड पाडून राह्यली व? तुले तो नाई दिसत, पन त्याले तू दिसून राह्यली ना!"

त्यांचं माहेर आंजीचं. लहानपणी त्या वडिलांसोबत ज्वारीच्या जागलीला जायच्या, मचाणावर बसून रानडुकरं हाकायला. तिथला नियम म्हणजे दिवा बंद, कान उघडे, आणि डुक्कर अगदी जवळ आल्याशिवाय डबा वाजवायचा नाही. हा नियम गेमला असा काही लागू पडला म्हणता! त्या ऐकायच्या, मी चालवायचे. "थांब... थांब... गेला. जाय आता." प्रत्येक वळणावर मी विचारायचे, "आई, आता कुठं?" ज्या दिवशी लांब्याला चुकवून दवाखान्याबाहेर पडलो, त्या दिवशी आम्ही दोघी अशा नाचलो की खालचे भाडेकरू वर बघायला आले.

मग सासूबाईंना लकव्याचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र निघायचा नाही. भाजीवाल्याला रडवून सोडणारी बाई, आता नुसतं "हं". जिभेचे, ओठांचे व्यायाम दिले होते. काही महिन्यांनी त्यांनी तेही सोडले. आरसा समोर धरला की मान फिरवायच्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, प्रयत्न सोडला तर आवाज परत येणं कठीण. निलेश आणि मी एकमेकांशी याबद्दल बोलायचंही टाळत होतो.

अशात दुसरा भाग आला. सुट्टीचा दिवस होता. सकाळपासून डाउनलोड लावला, सेलूचं नेट असल्यामुळे दुपारी सुरू झाला. सासूबाईंना दिवाणावर शेजारी बसवलं.

खरं सांगते, तासाभरातच माझं तोंड वाकडं झालं. बुडालेलं शहर, ढीगभर बंदुका, हेलिकॉप्टर, धडाधड स्फोट... पहिला भाग म्हणजे झणझणीत सावजी रस्सा होता. हा म्हणजे लग्नाची पंगत. सगळं आहे, तिखट तेवढं नाही. वरून कंपनीने आधीच जाहीर केलेलं की जुना राक्षस या भागात नाही, सगळे नवे. सासूबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

मग आमची हिरॉइन एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या हॉलमध्ये शिरली. मागचं दार बंद झालं, दिवे गेले. टॉर्चच्या उजेडात एक बाक दिसत होता, बाकी काळोख. आणि जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आता कुठं?"

विचारलं आणि मीच जीभ चावली.

"घड्याळाच्या... मांगं."

मी वळून पाहिलं. सासूबाई टीव्हीकडे बघत होत्या. कपाळावर घाम.

"जिना हाय. खाली... लांब्या बसून हाय. बंदूक नोको काढू."

घड्याळ? तोवर मला कुठलं घड्याळ दिसलंच नव्हतं! टॉर्च फिरवला... अगदी लांबच्या कोपऱ्यात माणसाएवढं उभं घड्याळ. ढकललं. मागे जिना. उतरले, आणि खाली भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, ते लांब हात जमिनीवर पसरून... लांब्या. मी टॉर्च बंद केला. "थांब," सासूबाई म्हणाल्या. "थांब... जाय आता."

तेवढ्यात निलेश हातात झारा घेऊन धावत आला. "आई बोलली का? आईच बोलली ना?" म्हणत नेमका टीव्हीसमोर उभा राहिला.

"बाजूले हो ना बाप्पा! दिसून नाई राह्यलं!"

तो कसला हलतो! तिथेच उभा राहून रडत होता आणि हसतही होता, मीही तशीच. कढईतली भजी कोळसा झाली, कुणाला पर्वा नव्हती. संध्याकाळी त्याने आंजीच्या मामांना फोन लावला आणि मुद्दाम टीव्हीसमोर उभा राहिला, मामांनाही शिव्या ऐकता याव्यात म्हणून. ऐकल्या त्यांनी, पोटभर.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? डॉक्टर म्हणाले, मन रंगलं की शब्द अचानक फुटतात, होतं असं. पटलं मला. पण शब्दांबरोबर ते घड्याळ आणि तो जिना कुठून आला? निलेश म्हणतो, ट्रेलर पाहिला असेल. सासूबाई फोनला हात लावत नाहीत. मी सगळे ट्रेलर पुन्हा पाहिले, त्यात ते स्टेशनच नाही. लांब्या तिथे लपवलाय हे गेमच्या फोरमवर लोकांना पुष्कळ दिवसांनी सापडलं, केवढा जल्लोष झाला!

आता त्या छान बोलतात, अधूनमधून एखादा शब्द अडतो एवढंच. मी थेट विचारलं, आई, तुम्हाला कळलं कसं? म्हणाल्या, "मले काय माहीत व? दिसलं, सांगतलं."

मग फोरमवरचं भांडण त्यांच्यापुढे ठेवलं. पहिला भारी की दुसरा? सगळे पहिलाच म्हणतात. मीही.

"दुसरा," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच! त्यात भीती कुठं आहे, आई?"

"तुले नसन. पयल्यात मले लांब्याचं भेव वाटे. दुसऱ्यात तू इचारलं, आता कुठं, अन् मले वाटलं... तोंड उघडलं अन् आवाज निंगालाच नाई त?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि हसल्या.

"उघडलं मंग म्या."