आठवा पाय

ऑक्टोपस हा शब्द मुळात ग्रीक, हे मला शाळेच्या कपाटातल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात सापडलं आणि जिवाला चैन पडेना. ऑक्टो म्हणजे आठ, पूस म्हणजे पाय. आपल्या अष्टपादाचा सख्खा चुलतभाऊच! कधी एकदा हे आठवीच्या वर्गाला सांगते, असं झालं होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणजवळच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होते, पण कच्च्या नोकरीवर. तपासणीला येणारे साहेब खूश झाले तर कायम, नाहीतर देवगडला भावाच्या घरी परत, वहिनीची बोलणी ऐकायला. मला काही झालं तरी परत जायचं नव्हतं. तपासणीच्या दिवशी हाच शब्द शिकवायचा, तोही खराखुरा ऑक्टोपस टेबलावर ठेवून, असं मी ठरवलं. वर्गातल्या एका मुलीची आई मला रोज मासे द्यायची. तिला आदल्या दिवशी म्हटलं, तो आठ पायांचा प्राणी उद्या शाळेत आणून दे.

साहेब वर्गात येऊन बसले तरी मासेवालीचा पत्ता नाही. मी फळ्याशी उभी, हातातल्या खडूचे चार तुकडे झालेले. शेवटी ती दारात आली आणि टोपलीवरचं केळीचं पान बाजूला करून म्हणाली, "बाई, साफ करून, कापून हाडलंय. तुमका खंय कापूक येता!"

कर्म माझं! एकटी राहते म्हणून ती मला नेहमीच मासे कापून द्यायची. आज तसं नको, हे सांगायचं मीच विसरले होते.

साहेबांनी नेमकं तिच्याच मुलीला टेबलापाशी बोलावलं. "पाय मोज बघू." मुलगी तुकड्यांतून निमुळते शेंडे वेचून ओळीने मांडू लागली. सातच भरले. ती थबकली. साहेबांच्या पाठीमागून मी तिला आठ बोटं दाखवली. तिने बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली, "सात आसत."

मी दोन्ही हात पदराखाली लपवले.

"आठवो बाबान सकाळी गळाक लावल्यान," तिने पुढे सांगितलं. "मासो मेळाक व्हयो म्हणान."

साहेब खो खो हसले. बाई मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शिकवतात, असं शेरेबुकात लिहून गेले. मी कायम झाले.

त्या बोटांबद्दल मुलीने कधी शब्द काढला नाही. पुढे तीन वर्षं ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे.